पहिलीच्या वर्गातला वाघ

"पह्यले खाली बसा."

शाळेत कोणीही तणतणत आलं की आमचे हेडगुरुजी एवढंच म्हणत. आणि समोरचा बसायच्या आत स्वतःच जमिनीवर मांडी घालून बसत, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवत. हेडमास्तर खाली आणि आपण उभे, हे कोणालाच बरं दिसत नसे. मग आलेला माणूस धोतर सावरत खाली बसे, आणि बसला की त्याचा आवाजही खाली येई.

एकदा एक बाप हातात तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काठी, घेऊन आला. त्याच्या मुलाने घरातली गुळाची भेली उचलून शाळेत वाटली होती. गुरुजींनी बापाला बसवलं, मुलालाही बसवलं, आणि कोणाकोणाला गूळ दिला ते विचारलं. मुलगा एकेक नाव आठवून सांगत गेला. आठवता आठवता सगळा वर्ग सांगून झाला, शेवटी नाल्यावरची एक कुत्रीही सांगून झाली. बाप ऐकत राहिला. जाताना तो तुराटी तिथेच विसरून गेला.

मी त्या शाळेत दुय्यम मास्तर होतो. कारंज्याहून आलेलो, पहिलीच नोकरी. गाव मालेगावहून वाशीमला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत. आमचा मुलूख तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडायचा, आणि नुकताच मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. गावात त्याचा फरक एवढाच पडला की शाळेच्या फळीवरचं राज्याचं नाव खोडून नवं लिहावं लागलं. ते मी लिहिलं.

हेडमास्तर असून गुरुजी पहिली-दुसरी स्वतःकडे ठेवत आणि तिसरी-चौथी मला देत. तपासणीला येणाऱ्या साहेबांना याचं नवल वाटे. गुरुजींचं म्हणणं असं की, चौथीतला मुलगा चुकला तर त्याला कोणीही दुरुस्त करील, पण पहिलीत जे लेकरू भ्यालं ते पुन्हा शाळेच्या वाटेला लागत नाही. गावातल्या निम्म्या बाप्यांना त्यांनीच अक्षरं शिकवली होती. भर सभेत ते पाटलांना म्हणत, "तू मांगं बस, उंच हायेस." आणि पाटील मागे जाऊन बसत.

तुमच्याही गावात असा एखादा मास्तर होऊन गेला असेल. त्याच्याविषयी सांगताना आपण हसतो. मीही हसतच सांगायचो. पण त्या वर्षीच्या नाटकाची गोष्ट मला कधी हसत सांगता आली नाही.

दिवाळी होऊन गेली होती. ज्वारी पुरुषभर उंच उभी होती, आणि गावाच्या शिवारात बिबट्या फिरायला लागला होता; गावाच्या तोंडी तो वाघच. आधी त्याने एक कुत्रं नेलं, मग गोठ्याच्या तोंडाशी बांधलेलं वासरू ओढत नेलं. नाल्यापलीकडच्या वस्तीवरची मुलं ज्वारीतल्या पायवाटेने शाळेत येत. ती येईनाशी झाली. जी येत ती भेदरलेली. पोरं लघवीला बाहेर जायला तयार नसत, त्यामुळे पहिलीच्या वर्गात रोज कोणाची ना कोणाची चड्डी ओली होई. गुरुजी कोणाला काही न बोलता स्वतः फडकं घेऊन जमीन पुसत. मुलांना पाटीवर काहीही काढा म्हटलं तर पाटी भरून दात काढत. नुसते दात, बाकी वाघ काढायला पाटीवर जागाच उरत नसे.

एका दुपारी ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "मास्तर, यायच्या डोक्यात वाघ बसला हाय. त्याले बाहेर काहाडला पाह्यजे."

शाळेची नवी खोली बांधून होत आली होती. ती उघडायच्या दिवशी पहिली-दुसरीच्या मुलांचं नाटक करायचं त्यांनी ठरवलं. नाटक त्यांनीच रचलं. गावकरी ज्वारी राखायला जातात. ज्वारीत काहीतरी हलतं. सगळे मिळून विचारतात, "कोण हाय रे जवारीत?" आतून आवाज येतो, "मी हाव मी, वाघ!" आधी सगळे पळतात, मग एकमेकांचा हात धरून परत येतात आणि वाघाला हाकलून लावतात. एवढंच नाटक. मी त्यांना सुचवलं की साहेब लोक येणार, भाषा जरा शुद्ध असावी. ते म्हणाले, भ्यालेला माणूस पुस्तकातलं बोलत नाही.

गावकरी व्हायला सगळे तयार, वाघ व्हायला कोणीच नाही. ज्याच्याकडे बघावं तो शेजाऱ्याच्या मागे लपे. शेवटी एक हात वर आला. तो किसनाचा होता.

किसना नाल्यापलीकडच्या वस्तीवरचा. बाप हंगामात कारंज्याच्या कापसाच्या जिनात सरकी उपसायला जाई, माय लोकांच्या वावरात निंदायला. पोरगं इतकं मुकाट की मी शाळेत लागल्यापासून त्याचा आवाज ऐकला नव्हता. गुरुजींनी त्याला वाघ कसा चालतो, कसा दबा धरतो, छातीतून कसा गुरगुरतो ते करून दाखवलं. किसनाने ते नीट पाहिलं. मग चार पायांवर झाला आणि गुरगुरला. दुसऱ्या खोलीत माझी चौथी एकदम गप्प झाली.

सुरुवातीच्या तालमींत मजा चालली. एकजण स्वतःचं वाक्य म्हणून झाल्यावर पुढच्याचंही म्हणून टाके, मग पुढचा रडे. वाघ हाकलला गेल्यावर जाता जाता वळून सगळ्यांना नमस्कार करी. पण किसनाचा वाघ रोज जास्त वाघ होत गेला, आणि हळूहळू मुलं त्याच्याजवळ बसेनाशी झाली. तो पाटी घेऊन आला की दोन्हीकडची पोरं सरकत. वाटेने त्याला कोणी नावाने हाक मारीना. दुसरीतल्या एका मुलीला रात्री ताप भरला, आणि ती झोपेत "किसन्या आला, किसन्या आला" म्हणाली. सकाळी तिची आई शाळेत आली. तिलाही गुरुजींनी खाली बसवलं, पण त्या दिवशी बसूनही तिचा आवाज उतरला नाही. पोरांचं भेव घालवायला नाटक मांडलं की भेव लावायला, असं तिने विचारलं.

ती गेल्यावर टोपी डोक्यावर घालून गुरुजी उठले. मग त्यांनी किसनाला जवळ घेऊन विचारलं की वाघ दुसऱ्या कोणाला देऊ का. किसनाने मान हलवली. नको. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी मिळालं होतं, ते तो कसा सोडील? गुरुजींनाही ते दिसलं. त्यांनी नाटक तसंच ठेवलं.

खोली उघडण्याचा कार्यक्रम दुपारी ऊन कलल्यावर होता. सगळं गाव आलं. दोन सतरंज्या बांधून पडदा केला होता. मालेगावच्या रंगारीचाचांनी किसनासाठी एक सदरा हळदीसारखा पिवळाजर्द रंगवून दिला होता. त्यावर आणि किसनाच्या तोंडावर गुरुजींनी काजळाचे पट्टे ओढले. मागे अंबाडीच्या दोराची शेपटी. आणि शेवटच्या क्षणी कोणीतरी म्हणालं की गावकऱ्यांच्या हातात काठ्या नकोत का? खरंच तर होतं. तालमी रिकाम्या हातांनी झाल्या होत्या. गुरुजींनी ज्वारीची चिपाडं, म्हणजे वाळलेली ताटं, मागवली आणि प्रत्येकाला एकेक दिलं.

नाटक सुरू झालं. "कोण हाय रे जवारीत?" मुलांनी विचारलं. सतरंजीआडून किसना गुरगुरला आणि बाहेर आला. पुढे बसलेली बारकी पोरं किंचाळली. बाया हसल्या. कोणीतरी म्हातारा मागून ओरडला, "हान रे त्याले, हान." आणि मुलं ठरल्याप्रमाणे हात धरून परत फिरली, तेव्हा त्यांच्या हातात काठ्या होत्या.

किसना थांबला. मी बाजूला उभा होतो, मला त्याचं तोंड दिसत होतं. त्याने एकेका मुलाकडे पाहिलं. रोज वर्गात त्याच्यापासून सरकून बसणारी ती मुलं होती, आणि आज काठ्या घेऊन त्याच्याकडे येत होती. मागे गाव "हान, हान" म्हणत होतं. तो उठून दोन पायांवर उभा राहिला. गुरुजी पडद्याआडून हळूच म्हणाले, "गुरगुर बेटा." किसना गुरगुरला नाही. तो वळला, सतरंजीखालून निघाला आणि पळाला.

आधी लोकांना वाटलं नाटकच आहे. टाळ्याही वाजल्या. मग कोणीतरी सांगितलं की पोरगं नाल्याकडून ज्वारीत शिरलं. टाळ्या थांबल्या. किसनाची माय उठून उभी राहिली आणि धावत सुटली. तिच्यामागे सगळं गाव.

ज्वारीत शिरलेलं लेकरू शोधणं म्हणजे काय ते शेतकऱ्यांना सांगायला नको. हातभर अंतरावरचं दिसत नाही. आणि त्या ज्वारीत बिबट्या होता. लोकांनी डबे बडवायला सुरुवात केली, काठ्या आपटत, आरोळ्या देत ते धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधांवरून, पसरले. ऊन पिवळं होत चाललं होतं. गुरुजी मागून धापा टाकत आले. त्यांची टोपी कुठेतरी पडली होती. त्यांनी एकाचा डबा धरला.

"तुमी पोराले शोधून राह्यले का वाघाले?" ते म्हणाले. "काठ्या पाहूनच पयालं ना ते. आन् तुमी काठ्याच घेऊन आले. खाली ठेवा सारं. खाली बसा."

मोठी माणसं होती ती, पण बसली. सगळं गाव धुऱ्यावर ओळीने बसलं. डबे थांबल्यावर शिवारात एवढी शांतता झाली की पानांची सळसळ ऐकू यायला लागली. मायने एकदा हाक मारली. उत्तर आलं नाही.

गुरुजी आणि मी आत शिरलो. चालताना ते सारखं पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं नाव घेत असतील. जवळ गेल्यावर ऐकू आलं, "चिपाडं म्या देल्ली. म्याच देल्ली."

नाल्याच्या अंगाला पाटलांचं वावर होतं. तिथे मचाणावर त्यांचा राखणदार दिवसभर ठासणीची बंदूक घेऊन बसलेला असे. तो गावात आला नव्हता, त्याला नाटकबिटक काही ठाऊक नव्हतं. आम्ही ज्वारीतून मोकळ्या पट्टीत आलो तेव्हा तो मचाणावर ओणवा झालेला होता आणि बंदूक खांद्याला लागलेली होती. आमच्या चाहुलीने त्याने मान वळवली नाही. तो अगदी हळू बोलला.

"गुरुजी, सरका तिथून. पिवळं दिसून राह्यलं मले."

मी त्याच्या नळीच्या रोखाने पाहिलं. ज्वारीच्या बुडाशी खरंच काहीतरी पिवळं होतं. त्यावर काळं काहीतरी. श्वासासारखं हलत होतं. आणि खरं सांगतो, ते काय आहे ते मला त्या क्षणी कळत नव्हतं. उजेड कमी झाला होता. सदराही असू शकत होता, बिबट्याही.

गुरुजींनाही ते कळलं नसावं. तरी ते चार पावलं पुढे गेले आणि बंदुकीच्या आणि त्या पिवळ्याच्या मधे उभे राहिले. राखणदार पुन्हा म्हणाला, सरका. गुरुजी सरकले नाहीत. ते त्या ज्वारीकडे तोंड करून, तालमीत म्हणत त्याच सुरात म्हणाले,

"कोण हाय रे जवारीत?"

काहीच नाही. पिवळं हलायचं थांबलं.

"कोण हाय रे जवारीत?"

मग आतून आवाज आला. बारीक, रडून बसलेला.

"मी हाव मी. वाघ."

राखणदाराच्या हातातली बंदूक मचाणाच्या लाकडावर आपटली. पुढे लोकांनी येऊन त्याला धरून उतरवलं. गुरुजी ज्वारीत शिरले, खाली बसले, आणि किसनाला मांडीवर घेतलं. काजळ त्याच्या गालांवरून ओघळून गळ्यापर्यंत आलं होतं.

"गुरुजी," तो म्हणाला, "मी तं तसाच गुरगुरलो. जसं तुमी सांगतलं तसाच. मंग मले काहून माराले आले?"

गुरुजींनी त्याला उचललं आणि वस्तीवर मायच्या दारापर्यंत नेलं. वाटेत त्यांनी त्याला कोणाच्या हातात दिलं नाही, आणि वय झालेल्या माणसाला ते ओझं सोपं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. किसना आला होता, पण दाराशीच बसला. गुरुजी वर्गाच्या मधोमध बसले आणि म्हणाले की नाटक अर्धंच झालं, ते पुरं करायचं आहे. फक्त वाघ नाही. वाघ कोण होईल? मुलं जमिनीकडे पाहत राहिली. दाराकडून आवाज आला.

"तुमी व्हा."

किसना सरळ त्यांच्याकडे पाहत होता. गुरुजी म्हणाले, "बरं."

मी त्यांना नंतर बाजूला घेऊन समजावलं. हेडमास्तरने सगळ्या गावापुढे रांगायचं, त्याच पाटलांपुढे ज्यांना आपण मागे बसवतो, हे बरं दिसेल का? त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, लेकरानं काम सांगतलं हाय."

बाजाराच्या दिवशी पुन्हा सतरंज्या बांधल्या. पिवळा सदरा त्यांना होण्यासारखा नव्हता, तो त्यांनी डोक्याला गुंडाळला. तोंडावर पट्टे किसनाने ओढले. तो स्वतः आता गावकरी होता, हातात चिपाड घेऊन उभा. चिपाडं पुन्हा द्यायची का, असं मी विचारलं होतं. द्या, असं त्यांनीच सांगितलं.

"कोण हाय रे जवारीत?" मुलांनी विचारलं. गुरुजी चार पायांवर बाहेर आले. गावाला हसू आवरेना. ते गुरगुरले, मुलं पळाली, हात धरून परत आली. एकाने चिपाडाने त्यांच्या पाठीला नुसतं टेकवलं. दुसऱ्याने जरा जोरात. आणि मग काय झालं कोण जाणे, सगळीच मुलं तुटून पडली. चिपाडं सपासप त्यांच्या पाठीवर वाजू लागली, मोडली तरी उरलेल्या तुकड्यांनी मुलं मारत राहिली. कोणी रडत मारत होतं. ताप आलेली ती मुलगी दात खाऊन मारत होती. गावाचं हसू कधी थांबलं ते कळलं नाही. एक म्हातारी "अरे, अरे" करत उठली. मीही उठलो. गुरुजींनी मान खाली घातली होती आणि हात वर केला नव्हता. ते एकेक ढोपर ओढत दाराकडे सरकत होते.

किसना एवढा वेळ जागेवरच उभा होता. त्याने चिपाड खाली टाकलं, पुढे आला आणि मुलांच्या आणि गुरुजींच्या मधे उभा राहिला. नाटकात नसलेलं एक वाक्य तो बोलला. मोठ्याने नाही, पण सगळ्या गावाने ऐकलं.

"बस झालं. तो जाऊन राह्यला ना आता."

मुलं थांबली. त्यांचे श्वास फुलले होते. शेजारच्या मुलाने किसनाकडे पाहिलं आणि सवयीने त्याचा हात धरला, जसा नाटकात धरायचा होता. गुरुजी तसेच रांगत दाराबाहेर गेले.

मी नव्या खोलीमागे गेलो तेव्हा ते भिंतीला पाठ लावून बसायला बघत होते आणि पाठ टेकवता येत नव्हती. डोळे भरलेले होते. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "ऐकलं का मास्तर, कसा बोलला थो?"

बिबट्या पुढे कोणाला दिसला नाही. ज्वारी निघाली, वाट मोकळी झाली, आणि वस्तीवरची मुलं एकमेकांचे हात धरून शाळेत यायला लागली. त्यांत किसनाही असे, कधी मधे, कधी टोकाला.

त्यानंतर एक-दोन वर्षांनी गुरुजींची नोकरी संपली. सत्कार, हारतुरे काही करू नका म्हणाले. त्यांचं गाव केनवडकडचं, तिकडे भावाकडे जाऊन राहणार होते. मोटार रस्त्यावर सकाळी यायची. ट्रंक आणि वळकटी घेऊन ते तिथे कडुनिंबाखाली जाऊन बसले. शाळा भरल्यावर पाहतो तर पहिलीचा वर्ग रिकामा. मी रस्त्याकडे धावलो. सगळी पहिली झाडाखाली त्यांच्यापुढे ओळीने बसली होती, मांडीवर पाट्या. मोटारीला उशीर होता, म्हणून ते त्यांना बाराखडी शिकवत होते.

'ख'वर आले असतील तेव्हा मोटार आली. कंडक्टरने ट्रंक वर टाकली, घाई केली. गुरुजी चढले, खिडकीपाशी बसले, आणि मोटार केनवडच्या दिशेने निघून गेली. धूळ खाली बसली. मुलं पाट्या घेऊन तशीच बसून राहिली. सुट्टी झाली असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.